लिफाफ्यातला ठिपका

आमचं काम गाळण्याचं. उपग्रहावरून डेटा येतो, त्यातला बहुतेक आम्ही गाळून फेकून देतो आणि उरलेल्या चिमूटभरावर पेपर लिहितो. पण इतकी वर्षं गाळूनही किस्से काही कमी झाले नाहीत. हार्ड डिस्क भरली की साफ करतो, किस्से तसेच साचत जातात. जेवायला बसलं की कोणीतरी एक काढतं, त्याला चिकटून दुसरा निघतो, आणि डबे रिकामे झाले तरी कोणी उठत नाही.

नवीन माणसासाठी थोडक्यात सांगतो. आकाशातल्या काही वस्तू एक्स-रे सोडतात. ते हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून डिटेक्टर उपग्रहावर बसवतात. लांबच्या, मंद वस्तूकडून तासाभरात बोटांवर मोजण्याइतके कण येतात, आणि तेवढ्याच वेळात भलतेसलते कण ढिगाने येऊन आपटतात. त्या भलत्यांना आम्ही बॅकग्राउंड म्हणतो. ते वजा करून खरं काय उरतं ते बघायचं, एवढीच आमची नोकरी.

*

ही नोकरी शेजाऱ्यांना समजावणं मी सोडून दिलंय.

बंगळुरात जे. पी. नगरला आमच्या खालच्या मजल्यावर पद्मा आंटी राहतात. मी 'एक्स-रेमध्ये' आहे हे त्यांना कुठून तरी कळलं आणि एका रविवारी त्या गुडघ्याची फिल्म घेऊन वर आल्या. मी डॉक्टर नाही, हे कन्नडात सांगून झालं, इंग्रजीत सांगून झालं. त्या हटेनात. शेवटी फिल्म खिडकीकडे धरली आणि मला जे कळतं तेवढं बोललो, "बॅकग्राउंड फार आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांनीही फिल्म नीट आली नाही म्हणून परत काढायला लावली.

तेव्हापासून बिल्डिंगमधले सगळे गुडघे आधी माझ्याकडे येतात.

*

आमचे साहेब म्हणजे इनामदार सर. मूळचे धारवाडकडचे, पण तीन पिढ्या बंगळुरात, घर बनशंकरीला. त्यांच्या मराठीत 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, हे कन्नड शब्द मिठासारखे मिसळलेले असतात. एरवी सगळ्यांना नावाने हाक मारतात. 'अण्णा' किंवा 'अक्का' म्हणाले की समजायचं, काहीतरी जड येतंय.

त्यांच्या घराला लागूनच एक लग्नाचा हॉल आहे. सनई, ढोल, माइकवरून आहेराच्या घोषणा, सगळं त्यांच्या खिडकीत. रविवारी दुपारी सर त्या गोंगाटात गाढ झोपतात. एकदा सलग काही आठवडे मुहूर्त नव्हते, तेव्हा सोमवारी डोळे लाल करून यायचे. मी विचारलं, आता तर शांतता असेल ना घरी?

"तेच ना," सर म्हणाले. "बॅकग्राउंड गेलं. आता पंखा ऐकू येतो, नळ ऐकू येतो, बायको काय म्हणते तेही ऐकू येतं."

*

पीण्या इंडस्ट्रियल एरियातला मंजुनाथ आमचे डबे बनवतो. डबे म्हणजे डिटेक्टर आत बसतो त्या अॅल्युमिनियमच्या पेट्या. छोटा कारखाना, पण हात असा की मायक्रॉनचा फरक बोट फिरवून सांगेल.

एका नव्या डब्यात डिटेक्टर ठेवून चाचणी घेतली तर आलेखात दोन जागी शेंड्या उभ्या राहिल्या. तिथे काहीही असायला नको होतं. प्रत्येक धातूची शेंडी आपापल्या ठरलेल्या जागी येते, आणि या दोन होत्या तांब्याची आणि जस्ताची. आम्ही आठवडाभर सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. मग आमचा जुना टेक्निशियन रेवण्णा उठला, त्याने मुकाट्याने डबा उघडला, आणि आत आठ सोनेरी स्क्रू चमकले. पितळ!

मंजुनाथला फोन केला. तो जराही गडबडला नाही. ड्रॉइंगमध्ये अॅल्युमिनियमचे स्क्रू होते हे त्याला मान्य होतं. पण आत सगळं पांढरंच दिसत होतं, आणि उपग्रहाचं काम म्हटल्यावर थोडी शोभा नको का, असं त्याचं म्हणणं पडलं.

आता आमच्या प्रत्येक ड्रॉइंगखाली सर स्वतःच्या हाताने कन्नडात एक ओळ लिहितात: शोभा करू नये.

*

सरांची एक पद्धत आहे, तिला आम्ही सगळे टरकून असतो. नवीन डेटा आमच्या हातात देण्याआधी ते कधीकधी त्यात एक खोटा तारा मिसळतात. कॉम्प्युटरवर बसून मंद, खऱ्यासारखा दिसणारा ठिपका बनवतात, कुठे टाकला ते आकडे कागदावर लिहितात आणि लिफाफा बंद करून रेवण्णाकडे देतात. रेवण्णा तो पाना-पकडीच्या कपाटात ठेवतो आणि किल्ली खिशात. सगळ्यांनी आपापले निकाल लेखी दिले की मगच लिफाफा उघडायचा. त्यात कधी कोराच कागद निघतो. तोवर आपल्याला सापडलेलं खरं की सरांचं, हे कोणाला ठाऊक नसतं, आणि म्हणून घरीही काही सांगायचं नाही असा नियम आहे.

मागे एक विद्यार्थी होता, आता आयटीत आहे. त्याने या लिफाफ्याचा इतका धसका घेतला की त्याला आकाशात सगळीकडे सरच दिसू लागले. एकदा त्याच्या डेटात एक भलाथोरला, झगझगीत ठिपका आला. त्याने अहवालात लिहून दिलं की हा सरांनी घातलेला आहे आणि कामात फारशी सफाई नाही.

तो ठिपका खरा होता. आकाशातल्या सगळ्यात तेजस्वी एक्स-रे ताऱ्यांपैकी एक, पुस्तकांत फोटो असतो त्याचा.

तो अहवाल सरांनी फ्रेम करून खोलीत लावलाय. म्हणतात, देवाच्या कामावरचा असा शेरा परत मिळायचा नाही.

*

आता मृण्मयी. नागपूरची, पीएचडीचं शेवटचं वर्ष. चार वर्षं ती आकाशाच्या एकाच तुकड्यातला डेटा गाळत होती आणि तिची फेलोशिप दोन महिन्यांत संपत होती. तिच्याकडे एकच ठिपका होता. फिकट, एका बाजूला ओघळल्यासारखा, बघणाऱ्याला दया येईल असा. तो बॅकग्राउंड नाही हे तिने दोनदा, वेगवेगळ्या वर्षांच्या डेटात ताडून पाहिलं होतं. म्हणजे तसं तिला वाटत होतं, कारण ते दोन्ही डेटा सरांच्याच हातून आले होते आणि त्या तुकड्याचा लिफाफा अजून बंद होता. तो ठिपका लिफाफ्यात निघाला तर थिसिसचा शेवटचा भाग गेला, आणि नवीन शोधायला वेळ उरला नव्हता.

त्याच तुकड्यात, तिच्या ठिपक्याच्या जवळच, मलाही एक सापडला होता. नव्या डेटात. गोल, नेटका, मध्ये भरीव आणि कडेला हलका होत गेलेला.

मी तिला समजावलं. आता लाज वाटते, पण समजावलं. म्हटलं, माझा बघ, वरून आल्यासारखा दिसतो की नाही? तुझ्यात सरांचा हात दिसतो. मन घट्ट कर.

"दादा, तुम्ही मला धीर देऊन राहिले की घाबरवून?" तिने विचारलं आणि परत स्क्रीनकडे वळली. त्या आठवड्यात तिने डबा आणणंच बंद केलं होतं.

मी मात्र इतका खुशीत होतो की नियम मोडला. निपाणीला आईला फोन करून सांगितलं, तुझ्या मुलाने तारा शोधला. आईने त्याच संध्याकाळी गल्लीभर पेढे वाटले. समोरच्या अक्काने विचारलं, कुठला तारा? आईने गच्चीवर जाऊन त्यातल्या त्यात बरा दिसणारा एक दाखवला.

*

लिफाफा उघडायच्या आदल्या दिवशी मी रेवण्णासाठी बेळगावचा कुंदा नेला. सहज. रेवण्णाने तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, हात धुतले, पुसले आणि म्हणाला की गोड स्वल्प जास्त झालंय, आणि लिफाफा बंद असल्यामुळे आत काय आहे ते त्यालाही ठाऊक नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे सरांच्या खोलीत जमलो. रेवण्णाने लिफाफा टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा पुसला, लिफाफा फाडला, कागद उलगडला. कोरा नव्हता.

सर एकेक आकडा सावकाश वाचू लागले. माझा आणि मृण्मयीचा ठिपका शेजारी शेजारी, त्यामुळे सुरुवातीचे आकडे दोघांचे सारखेच. तिला तिचे पाठ होते, मला माझे. प्रत्येक आकड्याला तिचे ओठ हलत होते. तिने डोळे मिटून घेतले होते आणि माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. मला तिच्याबद्दल खरंच वाईट वाटत होतं.

शेवटचे दोन आकडे सरांनी वाचले. तिचे ओठ थांबले.

मृण्मयीने डोळे उघडले आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलं रडतात तशी. रेवण्णाने तिच्यासाठी पाणी आणलं. सरांनी कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे पाहिलं.

"अण्णा," ते म्हणाले, "तुझा ठिपका फार सुंदर होता. मला तीन दिवस लागले बनवायला."

संध्याकाळी आईला फोन केला. नियमापासून लिफाफ्यापर्यंत सगळं सांगितलं, मृण्मयीचंही सांगितलं. मला वाटलं, आता गल्लीत काय सांगायचं ते विचारेल.

"त्या पोरीचा खरा आहे ना?" आईने विचारलं.

म्हटलं, हो, खरा.

"मग तिच्या आईचा नागपूरचा पत्ता घेऊन ठेव," आई म्हणाली. "अर्धा किलो उरलेत."