डब्यातला कापूस

तेलंगणातल्या आमच्या बेला भागात कापूस वेचून झाला की तो घरातच येतो. भाव चढेपर्यंत पुढच्या खोलीत आढ्याला टेकेल एवढा ढीग लागतो आणि माणसं उरलेल्या जागेत खाजवत झोपतात. अंगाला खाज, घशात खवखव, हाच आमचा हंगाम.

आईचं मात्र खवखवीवर भागलं नाही. तिचा दम असा वाढला की न्हाणीपर्यंत जाऊन आली तरी दाराची चौकट धरून उभी राहायची. डॉक्टर म्हणाले, घरात कापूस नको. मी घरी येऊन सांगितलं, तर बाबांनी विचारलं, "मंग कुठी ठिवू? तुया शाळेत?"

मी शाळेत मास्तर असलो तरी वर्गात कापूस भरता येणार नव्हता. म्हणून आदिलाबादला जाऊन हेपा फिल्टरचं व्हॅक्यूम मशीन आणलं. "सर, बारीक से बारीक धूल भी पार नहीं होती," दुकानदार म्हणाला होता.

शाळेत जाण्याआधी मी ढिगाच्या कडेनं, आईच्या खाटेखालून मशीन फिरवायचो; ओढलेली धूळ आणि कापूस त्याच्या डब्यात जमायचा. गल्लीतल्या बायका दारातून डोकावायच्या. "मास्तर, झाडू मारून राह्यले का?" हसा म्हटलं, खुशाल हसा. मला आईचा श्वास हवा होता.

आधी मशीनच्या आवाजालाच घाबरणारी आई एक दिवस आपण होऊन म्हणाली, "डबा मी रिता करतो. तू जाय शाळेत." मला केवढा आनंद झाला! तोंडाला पदर बांध, लांब उकिरड्यावर नेऊन टाक, असं मी तिला बजावलं. तिनं मान हलवली. आईनं मान हलवली म्हणजे तिला पटलं, असं समजणारा मी काही एकटाच मूर्ख नसेन.

दम वाढतच गेला. पंप ओढूनही छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. मी मशीनला शिव्या घातल्या, दुकानदाराला घातल्या. शेवटी तिला आदिलाबादला दवाखान्यात भरती केलं. वाईटात एवढं बरं, की कापसापासून तरी सुटली, असं वाटलं. "माही उशी आणून दे," तिनं सांगितलं. मी आणून दिली.

चादर बदलताना नर्सनं ती उशी झटकली आणि भसकन करडी धूळ उडाली. "इदेंटी, सार?" हे काय, म्हणून ती तेलुगूत विचारत होती. मी शिवण उसवली. आत मशीनच्या डब्यातला कापूस होता. पाचोळा निवडून काढलेला, पण धुळीनं करडा पडलेला. मी तिच्या खाटेखालून जे ओढून काढत होतो, ते ती उशीत भरून डोक्याखाली घेत होती.

"आई, हे फेकायचं होतं ना!" मी ओरडलोच. सगळा वॉर्ड बघायला लागला.

"कापूस कोनी फेकते का, बाप्पा?" एकेका शब्दाला थांबत ती म्हणाली. "लक्ष्मी हाये थे."

वाटेत कापसाचा पुंजका दिसला तरी वाकून उचलणारी, कपाळाला लावून ओच्यात टाकणारी बाई ती. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. तरी तिचा राग आला. अजून येतो आणि त्या रागाला जायला कुठे जागा नाही.

उशी मी तिच्यादेखत कचऱ्यात टाकली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दवाखान्यातून ती चालत परत आली नाही.

घरी आणलं तेव्हा ढीग तसाच होता. दुसरी जागा नव्हती, म्हणून त्याच्याच पायथ्याशी तिला ठेवलं. कोणीतरी म्हणालं, "नाकाले कापूस पाह्यजे." बाबा उठले. ढिगातला सगळ्यात पांढरा पुंजका त्यांनी निवडला, बोटांनी सरकी काढली, दोन बोळे वळले आणि स्वतःच्या हातांनी आईच्या नाकात बसवले. आता बारीकातली बारीक धूळही आत जाणार नव्हती.