पुसाच्या महिन्यात उसवलेला टेंट

मी भांडखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. शिवणकाम करणाऱ्या बाईला भांडखोर व्हावंच लागतं, नाहीतर लोक सकाळी कापड आणून टाकतात आणि संध्याकाळी ब्लाउज मागतात. परभणीजवळच्या पिंगळीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे, त्याला सत्तावीस वर्षं झाली. वस्तीतल्या बायकांचे भीमजयंतीच्या पांढऱ्या साड्यांवरचे ब्लाउज मीच शिवते. माझ्या हातची शिवण उसवली, असं अजून कुणी म्हणालं नाही. त्याचा मला लय गर्व होता. होता म्हणते.

माझा नवरा सरकारी खात्यात ड्रायव्हर होता. तीस वर्षं त्यांनी साहेब लोकांना धरणावर, कालव्यावर, आडरानातल्या साइटवर नेलं. साहेब रेस्ट हाऊसमध्ये झोपायचे आणि हे जीपच्या पुढच्या सीटवर, पाय मुडपून. येलदरीच्या धरणावर तर वर्षातनं सात-आठ मुक्काम व्हायचे. घरी आले की सांगत बसायचे, पाणी कसं दिसतं, सकाळी बगळे कसे उतरतात. "एकदा तुला नेतो," हे मी लग्नापासून ऐकत आले होते, आणि "नेलंत मोठे," हे माझं उत्तरही ठरलेलं होतं.

ते रिटायर झाले त्या वर्षी खात्याच्या भंगारात निघालेल्या जीपा लिलावात होत्या. त्यातली एक त्यांनी दारात आणून उभी केली. मी म्हणाले, "ही कायला आणली? कोंबड्या ठेवायला?"

"हिला फोर व्हील हाय. गुडघाभर चिखलातनं बी निघती."

"आपल्याला कुठं चिखलात जायचंय?"

तेव्हा त्यांनी मोबाइल काढून एक व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी परदेशात एक जोडपं जंगलात गाडी उभी करतं, टपावरची पेटी उघडतं आणि तिचा तंबू होतो. मग शिडी लावून दोघं वर जातात. वर गादी, जाळीची खिडकी, खाली नदी. व्हिडिओ थांबवून ते म्हणाले, "येलदरीला. पाण्याच्या काठाला, आपण दोघंच. एक रात्र टपावर झोपायचं. खाली सीटवर लय झोपलो मी."

मी चेष्टा करणार होते, पण त्यांचं तोंड बघून गप बसले. ह्या माणसानं मला कधी काही मागितलं नव्हतं. भाजीत मीठ कमी असलं तरी मागायचे नाहीत, उठून घ्यायचे.

दिवाळी झाल्यावर काम सुरू झालं. विकतचे तसले टेंट असतात म्हणे, पण ते घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि त्यांना घ्यायचाही नव्हता. जीपच्या टपाचा पत्रा पातळ, दोन माणसांचं वजन पेलणार नाही, म्हणून त्यांनी चेसिसपासून लोखंडी चौकोनी पाइपाचे चार पाय वर आणले आणि त्यावर चौकट वेल्डिंग करून घेतली. प्लायवूडचे दोन तुकडे बिजागरीनं जोडले. एक तुकडा टपावर पक्का, दुसरा वहीच्या पानासारखा बाहेर उघडणारा, आणि त्याला खालून शिडीचा आधार. लोखंडी पाइप वाकवून कमानी केल्या. कमानींवर कापड चढवायचं ते काम माझं.

माप घ्यायचं म्हणून आम्ही दोघं पुढच्या खोलीत फरशीवर आडवे झालो आणि मी खडूनं आमच्या दोघांभोवती रेघ मारायला लागले. तेवढ्यात शेजारीण ब्लाउज न्यायला आत आली. ती दारातच थिजली. "काय करायलेत ओ तुमी?" मी म्हणाले, "टेंटचं माप घ्यायलोय. तुझा ब्लाउज खुंटीवर हाय, घे अन् जा." दुसऱ्या दिवसापासून रस्त्यानं जाणारा प्रत्येकजण जय भीम घालायचा आणि विचारायचा, "ड्रायव्हरसाहेब, जीपवर मजला चढवायलेत का?" ते म्हणायचे, "हो, खाली भाड्यानं देणार हाय."

कापड परभणीच्या मोंढ्यातल्या बाजारातून आणलं, ताडपत्रीचं, जाड. माझं पायमशीन त्याला पुरत नव्हतं. चार घड्या एकावर एक आल्या की सुई अडायची, पट्टा घसरायचा. मग आम्ही युक्ती काढली. मी पायडल सोडून दिलं, दोन्ही हातांनी कापड धरून सरकवायची, आणि ते बाजूला स्टुलावर बसून मशीनचं चाक हातानं फिरवायचे. एक टाका, एक टाका. महिनाभर आमचं असं चाललं. सुया किती मोडल्या, मोजल्या नाहीत. इतके जवळ आम्ही लग्नानंतरसुद्धा कधी एवढा वेळ बसलो नव्हतो, हे मला तेव्हा कळत होतं, पण मी तोंडानं काय म्हणत होते? "हात चालवा जरा. झोप लागली का?" ते मधेच थांबायचे, दम घ्यायचे, म्हणायचे, "पित्त झालंय." जेवण कमी झालं होतं. मी म्हणायचे, टपरीवरचा चहा कमी करा.

जानेवारीत टेंट उभा राहिला. अंगणात जीप, जीपवर खाकी रंगाची खोली, तिला दोन बाजूंना जाळीच्या खिडक्या, पुढे चेन लावलेलं दार. लोक बघायला आले. बायकांनी शिवणीला हात लावून पाहिला. मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी म्हणाले, पाणी टाकून बघू.

त्यांनी बादलीनं वरून पाणी ओतलं, मी आत बसले. शिवणीतनं थेंब टपकायला लागले. एका जागी नाही, जिथं जिथं टाका तिथं तिथं. चूक माझीच होती. मजबूत म्हणून मी नायलॉनचा दोरा वापरला होता. सुती दोरा पाणी पिऊन फुगतो आणि सुईचं भोक बुजवतो, नायलॉन फुगत नाही. इतकी वर्षं शिवतेय, मला हे ठाऊक नव्हतं असं नाही.

"वरून मेण चोळू," ते म्हणाले. "झालं. रविवारी जाऊ."

"मेण चोळून? लोकांनी बघितलंय. बाईच्या हातचं गळतं म्हणतील."

"अगं, पूस महिना चालू हाय. कुठला पाऊस यायलाय?"

"नसू दे पाऊस. गळका टेंट माझ्या घरातनं बाहेर जाणार न्हाई."

"गळू दे की. एक रात्र तर जायचंय. चल की आता."

हे "चल की आता" त्यांनी असं म्हटलं, की दुसऱ्या कुठल्याही बाईनं ऐकलं असतं. मी ब्लेड घेतलं आणि पहिली शिवण उसवायला बसले. ते काही वेळ उभे राहिले, मग माझ्यासमोर बसून दोऱ्याचे तुकडे वेचायला लागले.

उसवून पुन्हा शिवायला पाच आठवडे लागले. सुती दोरा, दुमडून दुहेरी शिवण, वर मेणसुद्धा. ह्या वेळी चाक फिरवताना ते दर वीतभर शिवणीला थांबायचे. मी वैतागून एकदा म्हणाले, "तुमच्यानं होत न्हाई तर शेजारणीला बोलावते." ते हात बदलून पुन्हा फिरवायला लागले. शेवटी पुन्हा पाणी ओतलं. एक थेंब आत आला नाही. मी कमरेवर हात ठेवून सगळ्या वस्तीकडे बघितलं. त्याच आठवड्यात त्यांचे डोळे पिवळे झाले.

परभणीच्या डॉक्टरनं नांदेडला पाठवलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, त्रास कधीपासून आहे, आधी कुठं दाखवलं होतं का. मी म्हणाले, नाही. यांनी खिशातनं घडी घातलेला कागद काढून पुढं ठेवला. परभणीतच काढलेल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. यकृतात गाठ. तारीख जानेवारीची. मी ब्लेड हातात घेतलं त्याच्या चार दिवस आधीची.

दवाखान्याच्या जिन्यात मी त्यांना धरून उभं केलं. "मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर येलदरीला आली असतीस का? थेट इथं आणलं असतंस."

"मग मला उसवू का दिलं?"

"तू काम अर्धं सोडती का कधी?" असं म्हणून ते हसले. मला त्या हसण्याचा इतका राग आला, की मी तिथंच जिन्यात मोठ्यानं रडले. टेंट उसवला तेव्हा पावसाला पाच महिने होते. पाच महिने. आणि ज्या पाच आठवड्यांत हा माणूस शिडी चढू शकत होता, ते मी शिवणीवर घालवले. कुणासाठी? बघायला येणाऱ्या बायकांसाठी.

मार्चमध्ये दवाखान्याच्या दोन फेऱ्यांच्या मधे आठ दिवस मोकळे मिळाले. रात्री राहायला डॉक्टरनं नको म्हटलं होतं. ते म्हणाले, दिवसा तर दिवसा. माझ्या भावानं जीप चालवली. वाटेत बोरीला थांबून त्यांनी दोन घोट चहा घेतला, बाकी रस्ता डोळे मिटून होते. जिंतूर सोडल्यावर मात्र नीट बसले आणि भावाला वाट सांगायला लागले. डांबरी सोडून गाडी धरणाचं पाणी ओसरून मोकळ्या झालेल्या गाळपेराच्या काळ्या जमिनीत उतरली, टरबुजांच्या वाड्यांमधून, ओल्या जागेत फोर व्हील लावून थेट पाण्याजवळ. भाऊ मासे आणतो म्हणून जवळच्या कोळ्यांच्या वस्तीकडे गेला. मुद्दामच गेला असणार.

टेंट मी एकटीनं उघडला. कमानी सरळ उभ्या राहिल्या, चेन अडकली नाही. ते शिडीपाशी आले. पोटात पाणी झालं होतं, पोट पुढे आणि हातपाय काटकी. पहिली पायरी चढले, दुसरी चढले. तिसरीवर पाय वर उचलेना. मी खालून कंबर धरली. ते तिथंच शिडीला कपाळ टेकून उभे राहिले, मी म्हणाले उतरा, तरी उतरेनात. मग हळूहळू उतरले आणि चाकाला पाठ लावून जमिनीवर बसले.

"तू जा," म्हणाले. "कुणीतरी तर गेलं पाहिजे."

मी पदर खोचला आणि चढले. गादीवर बसून जाळी वर केली. आता मी खरं सांगते. एवढं मी जन्मात पाहिलं नव्हतं. खालून जे पाणी नुसता एक पट्टा दिसत होतं, ते वरून पार टेकड्यांपर्यंत पसरलेलं होतं. थर्माकोलच्या तराफ्यावर एक जण जाळं टाकत होता. वारा एका खिडकीतनं यायचा आणि दुसरीतनं जायचा, कापड फुगायचं आणि बसायचं. काठाला बगळे होते, हे सांगायचे तसेच. बाजूला त्यांची जागा रिकामी होती. मला वाटलं, इथून आयुष्यभर उतरू नये.

खालून त्यांचा आवाज आला. "कसं हाय गं वर?"

मी विचार केला. चांगलं आहे म्हटलं तर ह्यांच्या जिवाला लागेल, आपण बघू शकलो नाही म्हणून. तेवढाच विचार केला, त्याच्या पुढचा केला नाही. मी ओरडून म्हणाले, "काही खास न्हाई ओ. उकडायलंय नुसतं. खालूनच बरं दिसतं."

मग ते म्हणाले, "बरं. उतर मग." मी उतरले तेव्हा ते पाण्याकडे बघत नव्हते, हातातल्या ढेकळाचा भुगा करत होते. म्हणाले, "उगाच तुझा जीव खाल्ला चार महिने." मी म्हणाले, "असू द्या." टेंट घडी केला आणि भाऊ आल्यावर आम्ही निघालो.

त्यानंतर ते घरीच होते. एके दुपारी त्यांच्यासोबतचा एक जुना ड्रायव्हर भेटायला आला. अंगणातली जीप बघून आला होता, पलंगाशी बसून म्हणाला, "लय भारी काम केलंस गड्या. कसा झाला टेंट?"

ते उशीवरून म्हणाले, "फसला. कापड, माप, सगळं बरोबर होतं, पण वर बसायला काही मजा न्हाई. ही जाऊन आली, हिला इचार." आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, वाट बघितली. अजून काही वेगळं म्हणते का, असं ते बघणं होतं.

मला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण मग खोटं का बोललीस, हे आलं असतं, आणि त्या परक्या माणसासमोर मला रडायचं नव्हतं. मी म्हणाले, "चहा ठेवते," आणि आत गेले. तो माणूस गेल्यावर सांगू म्हटलं. तर यांना झोप लागली होती. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना माणूस ओळखू येईना, आणि चौथ्या दिवशी ते गेले.

जीपला अजून गिऱ्हाईक येतं, मी देत नाही. लोकांना वाटतं, नवऱ्याची आठवण म्हणून ठेवली आहे. तसं नाही. त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट स्वतःसाठी बांधली, ती फसली असं समजून माझा माणूस गेला, आणि तसं त्याला मीच सांगितलं होतं.