आमची गाय हाडं चघळायची

दुष्काळामागून आलेल्या उन्हाळ्यात मी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा दिली आणि ट्रंक घेऊन घरी निघाले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. सोलापुरात मुलींच्या वसतिगृहात राहून, कोरड्या भाकरी खाऊन शिकले. हे मी आजही मान वर करून सांगते, आणि का सांगू नये?

माढ्याला बस बदलून मी गावच्या फाट्यावर उतरले. वाटलं होतं, आई ओवाळायला दारात उभी असेल. दारात कुणीच नव्हतं. सगळी माणसं गोठ्यात होती.

आमची खिलार गाय, पांढरी, पाय दुमडून बसली होती. मान कुशीवर टाकलेली, जीभ बाहेर, तोंडातून लाळेची तार. डोळे मात्र लख्ख जागे. आईनं जागा बदलली की ते डोळे तिच्या मागोमाग फिरत. ही गाय आईच्या माहेरची, नातेपुत्याकडची. आई लग्न होऊन आली तेव्हा हिच्या आजीला घेऊन आली होती. त्यामुळे घरात गायीचं काही चांगलं झालं की ती ‘आपली’ असायची आणि लाथ मारली की ‘तुझ्या माहेरची’.

“आदी मागचं पाय लटपटलं,” माझ्या वडिलांनी, आबांनी, मला सांगितलं. “मग बसली ती उटंचना. तालुक्याचं डाक्टर येऊन गेलं. ताप न्हाय म्हनले, पोट फुगल्यालं न्हाय. मला इचारतंय, गाय हाडं चघळती का? म्हनलं, सायेब, गाय हाय ती. कुत्रं न्हाय.”

आबांच्या त्या उत्तरावर डॉक्टरांनी अशक्तपणा धरला, पूड दिली आणि गुळाच्या पाण्यातून पाजायला सांगून ते दुसऱ्या गावाला गेले. संध्याकाळी याच वाटेनं परतणार होते. चुलते बांबूचं नळकांडं धुऊन तयार होते. गायीची मान वर करायची, नळकांडं घशाशी न्यायचं आणि औषध ओतायचं, ही आमच्याकडची रीत. तेवढ्यानं उठली नाही तर डाग द्यायचा म्हणून विळा चुलीत ठेवायचंही ठरलं होतं.

मी गायीजवळ बसले. तिची जीभ धरून हलकेच बाजूला ओढली. ती आत गेलीच नाही, तशीच लोंबत राहिली. आणि मला आमचा फिजिऑलॉजीचा तास आठवला.

आमचे सर बेडकाच्या मांडीची शीर, म्हणजे मज्जातंतू, मोकळी करून तिला विजेचा हलका झटका द्यायचे. मांडी टुणकन उडायची. ते सांगायचे, शीर मांसाला चिकटलेली नसते. मध्ये एक बारीक फट असते. शिरेच्या टोकाशी रसायनाच्या इवल्या पिशव्या भरलेल्या असतात. निरोप आला की पिशव्या शिरेच्या भिंतीला टेकून उघडतात, रसायन फटीत सांडतं आणि तेव्हा कुठं मांस आखडतं. मग त्यांनी एका विषाचं नाव फळ्यावर लिहिलं, बॉट्युलिनम. हवा न लागता सडलेल्या मांसात, हाडांत एक जंतू वाढतो, त्याचं हे विष. ते शिरेच्या टोकात शिरतं आणि त्या पिशव्या उघडूच देत नाही. डोकं शाबूत, शीर शाबूत, मांसही शाबूत, आणि जनावर मात्र लुळं. परदेशात हवाबंद डब्यातलं अन्न खाऊन माणसं अशी जातात म्हणाले. आम्ही मुली हसलो. आमच्यात डब्यातलं कोण खातंय? आणि परीक्षेलाही ते येणार नव्हतं.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं.

“आई, खरं सांग. हाडं चघळती का पांढरी?”

आईनं आधी दाराकडं बघितलं. “हळू बोल की.”

“म्हंजी चघळती.”

“दुष्काळापासनं लागलंय तिला. माळावर मेलेली जनावरं पडल्यात, तितलं हाडूक उचलती. मी काडून टाकती, तोंड धुती, तुळशीचं पानी पाजती. कुनाला सांगू? गायीच्या तोंडात हाड, घरादाराला बट्टा. आन तुझं चुलतं काय म्हनतील? वैनीच्या म्हायेरची गाय असलीच.”

तिचे डोळे भरले होते. घरातली सगळी माणसं गायीला वाचवायला धावत होती, आणि आई एकटी गायीची अब्रूही राखत होती.

मी सांगितलं, “तिला गिळता येत न्हाय. नळकांड्यानं पाजलं तर पानी फुफ्फुसात जाईल. जाईल ती.”

मी सांगायला निघाले, पण आईच माझ्या पुढं गेली. पदर सावरून गोठ्याच्या दारात उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा दिरासमोर मोठ्यानं बोलली.

“नळकांडं ठिवा खाली. हाडं चघळती ती. म्या बगितलंय. लई दिसांपासनं.”

चुलते तसेच थांबले. मग माझ्याकडं वळले. “कालिजात गायी पाजायचंबी शिकिवत्यात व्हय?”

“कशा न्हाय पाजायच्या, ते शिकिवलं, तात्या.”

आबांनी चुलत्यांच्या हातातलं नळकांडं काढून घेतलं, वळचणीला खोचलं आणि आईला म्हणाले, “येडी हायस. मला तरी सांगायचंस.” एवढंच. पण आवाज मऊ होता.

डॉक्टर परतले तेव्हा फाट्यावरच मी त्यांना अडवलं. ऐकून ते सायकलवरून उतरले. म्हणाले, “मला तोच संशय होता. ह्यावर माझ्याकडं औषध नाही. छातीचं मांस लुळं पडलं तर गाय जाईल. तिथवर नाही पोचलं तर उठेल, पण सावकाश.” त्यांनी नाकातून रबरी नळी थेट पोटात घालून पेज दिली. पुढं रोज ते किंवा त्यांचा माणूस येत राहिला.

आम्ही गायीचा श्वास बघत बसलो. आई ओल्या फडक्यानं तिची जीभ पुसायची. आबा कूस बदलून घ्यायचे, खाली पाचट घालायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, “शीर चांगली हाय म्हनतीस, मांस चांगलं हाय. मग आडलंय कुटं?”

मी म्हटलं, “आबा, तुमी वाफ्याला पानी देताना दारं धरता. पाटाला पानी आलंय, वाफाबी तयार हाय. पन बांधातलं दारंच फोडता आलं न्हाय तर?”

“वाफा कोरडाच की.”

“तसंच. पानी टोकापातूर येतंय, पन सांडत न्हाय.”

“मग त्ये दार कवा फुटायचं?”

“शिरेला नवा फुटवा येतो. ज्वारीला येतो तसा. त्यो मांसापातूर पोचला की निरोप पोचतो.”

आबांनी गायीच्या मांडीवर तळहात ठेवला. पेरणीनंतर मातीला हात लावून बघायचे, तसा. “फुटवा येतूय तर,” ते म्हणाले, “मंग ऱ्हाऊ की बसून.”

ते विष त्या पिशव्यांच्या कड्याच कातरतं, म्हणून त्या भिंतीला टेकत नाहीत, हे कितीतरी वर्षांनी छापून आलं. तेव्हा ते वाचायला आबा नव्हते. असते तर बाकी काही नाही, पण माझं बोलणं त्यांनी चुलत्यांना पुन्हा ऐकवलं असतं.

एका सकाळी आई जीभ पुसायला गेली, तर जीभ आत होती. मग कान हलला. मग आईच्या हातातली ओली कडब्याची कांडी तिनं ओढली, आणि ती खाली पडली नाही. आई तिथंच बसून रडली. पुढं पांढरी उठायची, पडायची, आबांच्या खांद्याला टेकून पुन्हा उठायची.

ती गोठ्याबाहेर हिंडू लागली तेव्हा डॉक्टर एक पिशवी घेऊन आले. चाऱ्यात क्षार कमी पडतात म्हणून जनावर हाडाकडं वळतं, असं त्यांनी सांगितलं. पिशवीत वाफेवर शिजवून जंतू मारलेल्या हाडांची भुकटी होती. कोंड्यात मिसळून द्यायची.

आईनं पिशवीकडं पाहिलं, आबांनी आईकडं. मला वाटलं, आता दार लोटून घेतील.

आबांनी पाटी अंगणातच घेतली, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, आणि कोंडा कालवायला बसले. विहिरीवरून येणाऱ्या शेजारणीनं थांबून विचारलं, “काय वो दाजी, ह्ये पांढरं काय मिसळताय?”

आबांनी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “हाडं हायत. आमची गाय हाडं खाती. तुमचीबी खात असंल. तोंड उगडून बगा एकदा.”

शेजारीण कळशी घेऊन गेली ती घाईघाईनं थेट आपल्या गोठ्यात. पांढरीनं पाटीत तोंड घातलं.