सिस्टरबाईंची अँबॅसिडर कोट्टायमला जाते

आत्याचा फोन आला तेव्हा मी दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात ड्यूटीवर होते. समोर आंब्याच्या पेट्यांचा ढीग आणि तो ढीग माझ्यामुळेच हलत नाहीये असं समजणारे दोन व्यापारी.

"मी कोट्टायमला राहायला चालले," आत्या म्हणाली. "कायमची. आन् गाडी पण न्यायचीय. तू रेल्वेत हायेस ना? घाल एखाद्या डब्यात."

"आत्या, मोटारसायकल असती तर घातली असती. मोटार कशी घालू?"

"मग तुझी रेल्वे काय कामाची?" असं म्हणून तिनं फोन ठेवला.

माझी आत्या आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही. शिरूरमध्ये तिला नावानं कुणी ओळखत नाही, सगळे सिस्टरबाई म्हणतात. आणि सिस्टरबाई म्हटलं की तिची पांढरी अँबॅसिडर आलीच. दवाखान्यातले एक डॉक्टर गाव सोडून जाताना ती तिला विकून गेले. त्या वेळी शिरूरमध्ये बायका लूनासुद्धा बिचकत चालवायच्या, आणि ही पाच फुटांची बाई सीटवर उशी घेऊन, मान उंच करून, भर बाजारातून अँबॅसिडर काढायची. अडलेल्या बाळंतिणींना तिनं याच गाडीतून पुण्याला पोचवलं. काहींना पुण्यापर्यंत दम निघाला नाही. मागच्या सीटवर जन्मलेली ती माणसं आता चांगली मिशा वगैरे राखून आहेत, आणि आत्या त्यांना दुकानात, बँकेत, कुठंही गाठून हे ऐकवते.

कोट्टायमला तिची मैत्रीण होती. तीही नर्स. वीस-बाविशीत केरळमधून शिरूरला आली, इथंच लग्न केलं, नोकरी संपल्यावर नवऱ्याबरोबर माघारी गेली. आम्ही तिला मावशी म्हणायचो. या फोनच्या आदल्या वर्षी तिचा नवरा वारला. मुलं परदेशात. तेव्हापासून ती आत्याला रोज व्हिडिओ कॉल करायची आणि एकच म्हणायची, "तू ये. घर मोठा आहे, मी एकटी आहे." आत्या रोज नाही म्हणायची. एके रविवारी चर्चमधून आली आणि हो म्हणाली. फक्त एक अट घातली. गाडी आल्याशिवाय मी येणार नाही.

मी सुचवलं, एखादा ड्रायव्हर लावू, तो चालवत घेऊन जाईल. आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी जणू तिच्या पेशंटला पायी पाठवायला निघाले होते. "घाट हायेत मधी. तिचं इंजिन तापतं. तिला फक्त माझा पाय कळतो."

म्हणजे ट्रकवरून पाठवणं आलं. आता अशी कंपनी शोधायची कशी, याची मला काहीच कल्पना नव्हती. मी मोबाईलवर शोधलं आणि एका वेबसाइटवर माझा नंबर भरला. ती चूक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले ते थांबेचनात. वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी नावं, आणि प्रत्येकाचं बोलणं मात्र एकाच तोंडातून निघाल्यासारखं. "मॅडम, डोअर टू डोअर, हंड्रेड पर्सेंट सेफ." एका मुलीनं तर सकाळी एका कंपनीतून आणि दुपारी दुसऱ्या कंपनीतून मला फोन केला. मी आवाज ओळखला तेव्हा ती खुदकन हसली आणि म्हणाली, "मॅडम, कुठूनही बुक करा, एकच आहे."

सुट्टीच्या दिवशी मी शिरूरला गेले आणि हे सगळे फोन आत्याच्या स्वाधीन केले. फोन स्पीकरवर टाकून ती पलंगावर मांडी घालून बसली. दवाखान्यात नव्या पोरींची मुलाखत घ्यायची तशीच.

"तुमच्या हातून आतापर्यंत काय बिघडलंय?" तिनं पहिल्याला विचारलं.

"कुछ नहीं मॅडम. आज तक एक भी कंप्लेंट नहीं."

"एक पण न्हाई?"

"एक भी नहीं!"

आत्यानं फोन बंद केला. मी म्हटलं, "अगं, चांगलंच आहे की." ती म्हणाली, "जी नर्स म्हणते माझ्या हातून कधी सुई चुकली नाही, ती एक तर खोटं बोलते, न्हाईतर तिनं सुईच हातात घेतली नाही." दुसऱ्यानं तेच उत्तर दिलं. तिसऱ्यानं गाडीचं मॉडेल विचारलं, अँबॅसिडर म्हटल्यावर "ऑटोमॅटिक आहे का" असं विचारलं, आणि तोही गेला.

मग माझ्या ऑफिसातल्या एकानं भांडगावजवळचा एक माणूस सांगितला. त्याचा ट्रक होता, गाड्या इकडून तिकडे नेऊन द्यायचा. त्यानं सोलापूर हायवेवरच्या एका ढाब्यावर बोलावलं. आत्या शिरूरहून अँबॅसिडर घेऊनच आली, कारण गाडी बघितल्याशिवाय बोलणं होऊच शकत नाही असं तिचं म्हणणं. ट्रक ढाब्यापुढंच उभा होता आणि त्यावर कुणाची तरी लाल मोटार लादलेली होती. उघड्यावर, वर ताडपत्रीसुद्धा नाही. पुढचा बंपर साखळीनं ट्रकच्या कठड्याला करकचून बांधलेला.

"ही साखळी अशी बंपरला?" आत्यानं विचारलं.

"काय होत न्हाई, आज्जी."

"खड्ड्यात आदळली तर?"

"काय होत न्हाई वो! आपुन लई गाड्या पोचवल्यात. तुम्ही नुसतं चावी द्या आन् निवांत ऱ्हावा."

मी चहा सांगितला होता. तो येईपर्यंत आत्या गाडीत जाऊन बसलेली. मला दोन्ही कप एकटीला प्यावे लागले आणि तो माणूस मला म्हणाला, "आज्जी लई कडक हायेत तुमच्या." त्याला राग आला नव्हता. उलट आमची गाडी निघताना त्यानं हायवेवर उभं राहून मागच्या ट्रकांना हात करून थांबवलं.

नंतर काही आठवडे विषय थंडावला. मला तसं बरंच वाटत होतं. आत्या शिरूरला आहे म्हणजे रविवारी जायला एक घर आहे, जेवण आहे, आणि माझं वजन वाढलंय की कमी झालंय हे तोंडावर सांगणारं कुणीतरी आहे. गाडी न्यायला कुणी मिळालंच नाही तर बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं. पण आत्या गप्प बसणारी नव्हती. ती जाता-येता शिक्रापूरला रस्त्याकडेला उभे असलेले मोटारींचे लांबलचक कंटेनर बघत होती, आणि एक दिवस सरळ तिथल्या एका यार्डात घुसली. मग मला फोन. "शनिवारी ये. एक माणूस सापडलाय, पण मला पक्कं करायचंय."

यार्ड म्हणजे एक मोठं पटांगण होतं. बाजूला कामगारांच्या खोल्यांची रांग, तारेवर वाळत घातलेले कारखान्यांचे निळे शर्ट, आणि मधोमध कंटेनर. मालक पन्नाशीचे, पांढरा शर्ट, कपाळावर चष्मा. आमच्यासाठी त्यांनी खुर्च्या सावलीत ओढल्या. आत्यानं बसता बसताच आपला प्रश्न टाकला.

मालकांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "बिघडलंय ना. न्हाई कसं? एक जुनी जीप बेळगावला न्यायची हुती. आमच्या ड्रायव्हरनं पट्टा काचंच्या फ्रेमवरनं घेतला. निपाणीच्या पुढं काच तडकली."

"मग?"

"मग काय, त्यानं मला फोन केला, मी जीपवाल्याला केला. गाडी पोचायच्या आधीच. फोटो पाठवला. लई बोलला तो मला. काच मिळायला वेळ लागला, पण बसवून दिली."

"त्याचा नंबर हाय?"

मालकांनी नंबर दिला आणि आत्यानं तिथंच, त्यांच्यासमोर, फोन लावला. बेळगावचे ते गृहस्थ एकदम सुरू झाले. काच कशी अस्सल होती, नवी कशी तिच्यापुढं काहीच नाही, ड्रायव्हरला कशी अक्कल नाही. स्पीकरवर सगळं पटांगणभर ऐकू जात होतं. मालक शांतपणे चष्म्याची काच पुसत होते. शेवटी आत्यानं विचारलं, "मग मी देऊ का यांच्याकडं गाडी?"

"द्या की! मी माझी दुसरी पण त्यांच्याकडूनच आणली," पलीकडून उत्तर आलं. "दुसरे तर फोनसुद्धा उचलत नाहीत हो."

आत्या हसली. हे एवढं पाहून मी समजले की आता गाडी जाणार.

पण मालकांचंही तिच्यासारखंच होतं. ते उठून अँबॅसिडरभोवती फिरले, वाकून खाली बघितलं, आत बसून हँडब्रेक ओढला आणि बाहेर आले. "ह्यो धरत न्हाई. दुरुस्त करून आणा, तवाच चढवू."

"मी इतकी वर्षं चाकाला दगड लावून थांबवते गाडी," आत्या म्हणाली.

"कंटेनरमधी दगड न्हाई चालणार, सिस्टरबाई."

आत्याला नकार ऐकायची सवय नव्हती. परतीच्या रस्त्यावर रांजणगाव येईपर्यंत ती प्रत्येक गिअर आपटत टाकत होती. मग म्हणाली, "बरोबर हाय त्याचं," आणि दुसऱ्याच दिवशी मेकॅनिककडं गाडी टाकली. दुसऱ्या राज्यात न्यायचं आरटीओचं पत्र तिनं आधीच खेटे घालून मिळवलेलं होतं. गाडीचा विमाही झाला.

गाडी न्यायच्या दिवशी आम्ही दोघी शिरूरहून निघालो. आत्यानं इस्त्रीची साडी नेसली होती. हायवेला नेहमीप्रमाणं ट्रकांची रीघ होती, आणि आमची अँबॅसिडर त्यांच्यामधून आपल्या चालीनं निघालेली. मागून हॉर्न वाजत होते. आत्या कुणालाच दाद देत नव्हती. "वाजव, वाजव," एवढंच म्हणायची.

यार्डात कंटेनरचा ड्रायव्हर वाट बघत होता, उत्तर प्रदेशचा. त्यानं आधी गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, जुने ओरखडेसुद्धा आत्याला दाखवून दाखवून. मग किल्ली मागितली. आत्या त्याला चोक कसा ओढायचा ते तोडक्या हिंदीत समजावत बसली. तो प्रत्येक वाक्याला "जी माँजी" म्हणत होता. गाडी कंटेनरला लावलेल्या फळीवरून हळूहळू वर चढली, आत गेली, चाकांना पट्टे बसले. दरवाजा बंद व्हायच्या आधी आत्या फळीवरून स्वतः वर गेली आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. काही बोलली असेल तर आम्हाला ऐकू आलं नाही.

खाली आल्यावर तिनं ड्रायव्हरला डबा दिला. मटण आणि भाकरी. त्यानं डबा कपाळाला लावला.

परतताना आम्ही एसटीत बसलो. आत्या खिडकीशी. कित्येक वर्षांनी तिच्या हातात स्टिअरिंग नव्हतं, आणि हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. कधी पर्सवर, कधी पुढच्या दांडीवर. मग तिनं माझा हात घेतला आणि शिरूर येईपर्यंत सोडला नाही. तेव्हा कुठं मला रडू आलं. तिनं रुमाल दिला आणि म्हणाली, "तुझं वजन कमी झालंय."

त्याच आठवड्यात मी तिला दौंडहून केरळच्या रेल्वेत बसवलं. अँबॅसिडर आल्याशिवाय येणार नाही ही अट तिनं स्वतःच मोडली. गाडी पोचायच्या वेळी आपण तिथं हजर पाहिजे, असं तिच्या डोक्यात आलं होतं. डब्याबरोबर चालत चालत मी तिला औषधांच्या वेळा सांगत होते. नर्सला!

पुढचं मला मावशीनं फोनवर सांगितलं. कंटेनर इतका लांब होता की तिच्या गल्लीत वळेना. ड्रायव्हरनं मुख्य रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर थांबून फोन केला. दोघी रिक्षा करून तिथं गेल्या. गाडी खाली उतरली, पण सुरू होईना. पंपावरची माणसं जमली. प्रत्येकजण मल्याळममध्ये सल्ला देत होता आणि आत्या प्रत्येकाला मराठीत गप्प करत होती.

"मग?" मी विचारलं.

"मग ती बसली आत. काय तरी ओढली, काय तरी दाबली. गाडी खोकला, मग सुरू झाला! सगळे लोक टाळी वाजवला." मावशी हसून हसून बेजार झाली होती. "ड्रायव्हर पण टाळी वाजवला."

वाटेत उजव्या बाजूच्या मागच्या चाकाची झाकणी पडून गेली होती. आत्याला ते कळायच्या आधीच शिक्रापूरहून मालकांचा फोन आला, की ड्रायव्हरनं सांगितलंय, एक झाकणी गेलीय, दुसरी शोधून पाठवतो. आत्या त्यांना काहीही बोलली नाही. बेळगावच्या माणसानं तिच्या वाट्याचं आधीच बोलून ठेवलं होतं, असं ती नंतर मला म्हणाली. झाकणी आली. बाकीच्या तिन्हींपेक्षा ती जास्त चकाकते.

गेल्या नाताळात मी कोट्टायमला जाऊन आले. चढावरचं घर, पोर्चमध्ये अँबॅसिडर, अंगणात जायफळाचं झाड. पहिल्याच सकाळी मला हॉर्नच्या आवाजानं जाग आली. बाहेर येऊन बघते तर मावशी स्टिअरिंगवर, दोन उशा खाली घेऊन, आणि आत्या शेजारी बसून ओरडतेय, "क्लच! अगं क्लच सोड!"

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"ती आयुष्यभर शेजारी बसली," आत्या काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाली. "आता म्हणते मला चालवायचीय. मी काय न्हाई म्हणू?"

गाडी दोनदा हिसके खाऊन पोर्चच्या बाहेर गेली, फाटकाशी थांबली, आणि मावशीनं दोन्ही हात वर करून मला दाखवले. आत्या किंचाळली, "हात खाली! आधी हात खाली!"