छाती दाबायची नाही

दुपारी दवाखान्यात ह्यांच्या शेजारच्या खाटेवरच्या आजींचा श्वास थांबला. पडदा अर्धाच ओढलेला होता. एक डॉक्टर खाटेवर गुडघा रोवून, अंगातली सगळी ताकद लावून त्यांची छाती दाबू लागला. कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. मग तोंडातून रक्त आलं.

“अहो हळू, आईची हाडं आहेत ती!” त्यांची मुलगी ओरडली.

“ताई, हळू दाबून उपयोग नसतो. आणि दाबू नका असं केसपेपरवर कुणी लिहिलेलं नाही.”

आजी गेल्याच. माणूस जाऊ नये म्हणून आपण त्याला किती जोरात धरतो. ज्या छातीवर लेकरं झोपली, तीच मोडून काढतो. याला माया म्हणावं का, मला सांगता येत नाही.

ह्यांचाही आजार आता बरा होणार नाही. “फक्त दुखणं कमी करत राहायचं, शेवटी छाती दाबायची नाही, असं लिहू का?” असं डॉक्टरीणबाईंनी सकाळी विचारलं, तेव्हा दीर नको म्हणाले. मी ह्यांचं पांघरूण सारखं करत राहिले. आता हे पडद्याकडे बघत म्हणाले, “मला असलं नको गं.”

बाई परत आल्या तेव्हा मीच बोलले. “लिहा. आणि मोठ्याने वाचा, ह्यांना ऐकू जाऊ दे.”

“वहिनी, लोक काय म्हणतील?” दीर चिडले.

ह्यांनी डोळे उघडले. “त्यांना म्हणावं, आधी स्वतःची छाती दाबून घ्या.”