मुराळ्याविना माहेरी

इंदूताई गेली त्याला आता दीड महिना होईल. सकाळी पपईच्या शेतात होतो, तेव्हा नाशिकहून भाचीचा, मीनलचा फोन आला. "मामा, आई..." पोटाच्या कर्करोगानं गेली माझी मोठी बहीण, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. तरी दहाव्याला जमलेल्यांचं आपलं एकच पालुपद, "त्या वयात उन्हातान्हात सायकल हाकली, तीच अंगाशी आली." शेवटी मी उठलो आणि म्हणालो, त्या सायकलीबद्दल माझ्यासमोर एक अक्षर बोलायचं नाही. मग सगळ्यांनी मुकाट्यानं चहा घेतला.

ती सायकल तिला माझ्यापायी हाकावी लागली होती, हे त्यांना कुठं ठाऊक! वडील वारल्यावर शेताच्या सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावंडांची नावं लागली. पुढची रीत आमच्या शहाद्याकडे ठरलेली... बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची आणि भावानं जन्मभर साडीचोळी करायची. कागद मीच टाइप करून नेला होता. ताई नाशिकच्या शाळेत खेळाची शिक्षिका, एका शिट्टीत शंभर पोरं रांगेत उभी करणारी. शाळेत शुद्ध मराठी, पण आमच्याशी कायम अहिराणी. तिनं कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिला. "सही नही करनार," एवढंच म्हणाली. मागितलं तिनं काहीच नव्हतं, पण माझं डोकं फिरलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला माहेरचा माणूस जातो, तो मुराळी. बाई साठीला टेकली तरी मुराळी आल्याशिवाय आपण होऊन येत नाही. मी जाणंच बंद केलं. एका वर्षी पपईची तोड, एका वर्षी मजूर नाहीत, एका वर्षी गुडघा. गुडघा तेव्हा अगदी ठणठणीत होता.

चौथ्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी मीनलचा फोन आला. आई काल पहाटे सायकलवर निघालीय, आज धुळ्याला मैत्रिणीकडे मुक्काम, उद्या दुपारपर्यंत तुमच्याकडे. एकटी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, भर उन्हाळ्यात! माझी बायको रेखा म्हणाली, "जीप काढा, आत्ताच्या आत्ता." जीप दारातच होती. मी म्हणालो, निघाली तशी येईल. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेले होते. गल्लीतल्या माहेरवाशिणी निंबाच्या झोक्यावर गाणी म्हणत होत्या, त्यांचं गाणं मध्येच थांबलं म्हणून मी बाहेर आलो. ताई सायकल धरून उभी. चेहरा लालबुंद, ओठ फुटलेले, हँडलला चिवड्याची पिशवी. सारंगखेड्याच्या पुलावर वाऱ्यानं तिला दोनदा उतरायला लावलं होतं, हे नंतर कळलं. मला आधी काय सुचावं? "इतला उनमा? वाटमा काही व्हयी जातं, ते लोके माले काय म्हनतात?"

"तुले मन्ही फिकीर शे का लोकेसनी?" ती म्हणाली. मग झोक्यावरच्या बायांकडे वळून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली, "माले लेवाले कोनी उनं नही. मंग मीच मन्हा मुराळी व्हयनू!"

बाया हसल्या. मी उंबऱ्यात खांबासारखा उभा. रेखा मला बाजूला सारून पुढे झाली, भाकरतुकडा ताईवरून ओवाळला, मग सायकलीवरूनही ओवाळून टाकला. जेवताना मी हळूच हक्कसोडाचा विषय काढला. हो, काढला... इतका मी कोडगा. ताईनं घास खाली ठेवला. "वाटाबी मन्हा शे, माहेरबी मन्हं शे. एक लीसन दुसरं सोडाले हाऊ काय बजार शे?" आणि पुन्हा शांतपणे जेवू लागली. तिचं बरोबर होतं आणि मी चुकलो होतो. पुढची सगळी वर्षं मुराळी म्हणून मीच नाशिकला गेलो. गुडघा खरंच दुखायला लागला, तरी गेलो.

दहाव्याला एका जवळच्या नातेवाइकानं मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाले, आता भाचीची सही घेऊन टाक, बाईचं नाव निघून जाईल. गावी परतल्यावर मी तलाठ्याकडे गेलो आणि मीनलच्या वारसनोंदीचा अर्ज तिच्याकडून मागवून स्वतः दिला. गावात मला खुळा म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे.

त्या आखाजीनंतर ताई एसटीनं परत गेली, सायकल आमच्याकडेच राहिली. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असते. ताई आली की पहाटे तिच्यावरून तापीपर्यंत चक्कर मारून यायची, आणि मग पायरीवर बसून दोन कप चहा. परवा माझ्या मुलानं नवी कार आणली. शेडमध्ये सायकल आडवी येत होती. टायर बसलेले. "बाबा, ही भंगारात देऊ का?" त्यानं विचारलं. मी पंप आणून त्याच्या हातात दिला.

"तेमा हवा भर," मी म्हणालो. "नि गाडी बाहेर लाव. ती जागा तुन्ही आत्यानी शे."