उताराचा माणूस

पाठीवर निजून एवढे कष्ट उपसलेला मराठी माणूस उभ्या अमेरिकेत दुसरा झाला नसेल. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचा मामेभाऊ, अर्थात माझा मेव्हणा. मूळचा नागपूरचा, जिथे मे महिन्यात पंखासुद्धा गरम वारा फेकतो. आणि त्याने जीव लावला तो ल्यूज नावाच्या बर्फातल्या खेळाला. एवढीशी घसरगाडी, तिच्यावर उताणं पडायचं, पाय पुढे करायचे आणि बर्फाच्या वळणावळणाच्या पन्हळीतून मोटारीपेक्षा जोरात खाली यायचं. ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही. पोटऱ्या आणि खांदे दाबून वळायचं. आमच्या महाराष्ट्र मंडळात कुणी चौकशी केली की बायको "तो स्पोर्ट्समध्ये आहे" एवढंच सांगायची. पुढचं सांगितलं की समोरचा हमखास "पडून?" असं विचारायचा.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही पार्सिपनीला आणि तो जवळच, रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. ऑफिसची मंडळी हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्याच्या पार उत्तरेला सहलीला गेली. तिथे नवशिक्यांना सर्वांत खालच्या वळणावरून एकदा सोडत. बाकीचे खाली येऊन, कपडे झटकून कॉफी प्यायला गेले. हा तिसऱ्यांदा वर चढला. तेव्हापासून थंडीतल्या प्रत्येक शनिवारी पाच तास गाडी हाकत तो तिकडे जाऊ लागला, आणि उरलेल्या वर्षात त्याला जगात उतार सोडून काही दिसेना. एकदा देवळासाठी जागा बघायला आमच्या कमिटीने त्याला इंजिनिअर म्हणून नेलं. सगळे सपाट जागेच्या शोधात. हा एका टेकाडावर उभा राहून गहिवरला. "काका, काय स्लोप आहे हो," तो अध्यक्षांना म्हणाला. अध्यक्षांनी त्याला पुन्हा नेलं नाही.

खेळाडूची मान भक्कम लागते, म्हणून हेल्मेटला तांदळाची पाच पौंडांची पिशवी बांधून तो आमच्या सोफ्यावर आडवा व्हायचा आणि डोकं अधांतरी धरून बायकोशी नागपूरच्या नातेवाइकांबद्दल गप्पा मारायचा. पिशवी फुटली त्या दिवशी गालिच्यातून तांदूळ वेचायला आम्ही तिघे बसलो होतो. पन्हळीतली सगळी वळणं पाठ हवीत, म्हणून डोळे मिटून खांदे डावी-उजवीकडे कलते करायची त्याला सवय होती. आमच्या सत्यनारायणाला दुसऱ्या अध्यायापाशी तो असा डोलायला लागला, तेव्हा पोथी सांगणाऱ्या काकांना वाटलं, पोराच्या अंगात आलं. त्यांनी वाचन थांबवून हात जोडले. हा डोळे उघडून शांतपणे म्हणाला, "सॉरी काका, तेराव्या वळणावर होतो." वजन जास्त तर वेग जास्त, हेही एक शास्त्र होतं. त्यामुळे मंडळाच्या जेवणात तिसऱ्यांदा श्रीखंड घेताना "कोचने सांगितलंय" असं म्हणणारा तो एकटाच.

हा कोच म्हणजे एक म्हातारा ऑस्ट्रियन. त्याने चार हिवाळे त्याला घासलं आणि मग एक दिवस सांगितलं, की अमेरिकेच्या टीममध्ये तुझी डाळ शिजणार नाही, पण तू तुझ्या देशातर्फे उतरलास तर हिवाळी ऑलिंपिकला जाऊ शकशील. शेवटचा येशील, पण येशील. मेव्हण्याने दिल्लीला पत्रांवर पत्रं धाडली. आठ महिन्यांनी एका कचेरीचं उत्तर आलं: स्वखर्चाने जाणार असाल तर आमची हरकत नाही. ते पत्र त्याने लॅमिनेट करून आणलं आणि आमच्या देवघरात ठेवलं. एवढा आनंदी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. ऑलिंपिकला दोन वर्षं होती.

आणि मग त्याच्या आईचं पत्र आलं. धाकटा बी.कॉम. होऊन घरी बसलाय, तू सिटिझन झालास की त्याला बोलावता येईल, सगळ्यांची मुलं भावंडांना नेतात. त्या काळी आमच्यात हे असंच चालायचं. आधी एक यायचा, मग त्याने बाकीच्यांना ओढायचं. आणि त्या ओढाओढीचे फॉर्म भरण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. पार्सिपनीतली निम्मी मराठी कुटुंबं माझ्या जेवणाच्या टेबलावर सह्या करून सिटिझन झाली, असं मी अभिमानाने सांगत असे.

मेव्हणा त्या टेबलापाशी बराच वेळ पेन फिरवत बसला. "भाऊजी, दोन वर्षं लेट केलं तर? इंडियन पासपोर्ट गेला की इंडियातर्फे उतरता येणार नाही."

"भावंडांच्या व्हिसाची रांग केवढी आहे माहितेय ना?" मी म्हणालो. "तू तिकडे लास्ट येणार, त्यासाठी भावाचं आयुष्य लटकवून ठेवायचं? बी प्रॅक्टिकल, यार."

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला आणि त्याने सही केली. मी लगेच खाली तारीख घातली. बायको त्या दिवशी माझ्याशी धड बोलली नाही.

शपथविधीला आम्ही पेढे घेऊन गेलो. तिथे काढलेल्या फोटोत तो सोडून सगळे हसताहेत. भारतीय पासपोर्ट रद्दचा शिक्का बसून परत आला. पुढचा हिवाळा तो उत्तरेला गेला, त्याच्या पुढचा नाही. खांदा दुखतो म्हणाला. घसरगाडी त्याने तिथल्या क्लबला देऊन टाकली. ऑलिंपिक आलं तेव्हा आम्ही त्याला मुद्दाम जेवायला बोलावलं. जेवला, पण टीव्हीवर ल्यूजची शर्यत लागताच उठला आणि बाहेर जाऊन आमच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ काढत राहिला. ते मी सकाळीच काढलं होतं.

भावाचा नंबर सात वर्षांनी लागला. मी आनंदाने नागपूरला कळवलं. भावाचं उत्तर माझ्या नावाने आलं. दादाला लिहायचा त्याला धीर झाला नसावा. बँकेत नोकरी लागून पाच वर्षं झाली, घर घेतलंय, मुलगी शाळेत जाते, आता तिकडे येऊन काय करू, तुम्हीच दादाला सांगा. मी फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं, भाऊजी. आईजवळ कोणीतरी हवंच होतं." आणि ताईचा, म्हणजे माझ्या बायकोचा, गुडघा कसा आहे ते विचारलं.

त्याने मला कधी बोल लावला नाही, आणि मला तेच फार लागतं. त्या दिवशी मी नुसतं "थांब दोन वर्षं" म्हणालो असतो तर एखाद्या परक्या गावात, छातीवर भारताचं नाव लावून, माझा मेव्हणा सगळ्यांच्या मागून खाली आला असता. खाली बर्फात आम्ही दोघं कुडकुडत उभे असतो, आणि तो थांबला की सर्वांत आधी मी पुढे होऊन त्याला उठवलं असतं. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.